मानेवरचा हिरवा रंग

सगुणाबाईंचा फोन आला तेव्हा शाल्मली एचएसआर लेआउटमधल्या स्टुडिओत आजीच्या चित्राची प्रिंट काढायच्या तयारीत होती. उद्या तेरावा. फोटोऐवजी स्टुडिओतल्या मुकुलने टॅबलेटवर रंगवलेलं पोर्ट्रेट ठेवायचं ठरलं होतं.

"अक्का, पाच वाजता पोलीस स्टेशनला बोलावलंय," सगुणाबाई म्हणाल्या. "काकांनी तक्रार मागं घेतली नाही."

शाल्मली बरं म्हणाली. आजी गेल्यापासून ती सगळ्यालाच बरं म्हणत होती. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. दात काढायच्या आधी गाल बधिर करतात, तशी ती अख्खी बधिर झाली होती.

प्रकरण सरळ होतं. गोदूबाई आजी रविवारी सकाळी जे. पी. नगरच्या घरी खुर्चीतच गेलेली सापडली. हृदयविकार. त्रास सुरू होताच कुणी दवाखान्यात हलवलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. आणि नेमक्या त्याच वेळी तिला सांभाळणाऱ्या सगुणाबाई तासभर बाहेर होत्या. कुणीतरी येणार आहे, तू जा, असं आजीनेच सांगितलं, हे त्यांचं म्हणणं. कोण ते त्यांनी विचारलं नव्हतं. गुरुराजकाकांनी ते उडवून लावलं. म्हातारीला एकटं टाकून बाई गावभर हिंडली आणि आता थापा मारतेय, म्हणाले. बारा वर्षं घरात राबलेल्या बाईला असं बोलायला जीभ कशी रेटली, देव जाणे.

"येणार होतं कुणीतरी," सगुणाबाई म्हणाल्या. "उगाच का अम्मांनी नव्या हिरव्या साडीची घडी मोडली? मीच नेसवली की त्या सकाळी." आजीला त्या अम्माच म्हणायच्या.

शाल्मलीने फोन ठेवला आणि स्क्रीनकडे पाहिलं. चित्रात आजीची साडी मरून रंगाची होती. मुकुल शेवटचा आजीसमोर बसला तो शुक्रवारी, असं तो म्हणाला होता. शुक्रवारी ती मरून साडीतच होती.

पण हनुवटीखाली, मानेवर, हिरवा उजेड पडला होता.

मुकुल दोन टेबलं सोडूनच बसायचा. तिचाच शिकाऊ. म्हाताऱ्या कातडीवर हात बसतो म्हणून तिनेच त्याला आजीकडे धाडलं होतं. तिने त्याच्याकडून मूळ फाइल मागून घेतली आणि त्याला शेजारी बसवलं.

"मानेवर हिरवा कुठून आला?"

"जबड्याकडे हिरवट छटा घेतोच की आपण."

"ती मळकट असते आणि सगळीकडे असते. ही पोपटी आहे, फक्त खालच्या कडेला. कपड्यावरचा उजेड कातडीवर उसळतो तेव्हाच अशी पडते. मरून साडीने मान लालसर दिसली असती."

तिने साडीचा लेयर, म्हणजे चित्रातला तेवढाच थर, वेगळा काढला. त्यावर मूळ रंग बदलून दाखवणारी एक पट्टी बसवलेली होती. ती बंद केली. साडी हिरवीगार झाली.

"साडीचा लेयर वेगळा होता, म्हणून एका झटक्यात बदललास. चेहऱ्याच्या लेयरवरचा हिरवा तिथेच राहिला. ती साडी आजीने एकदाच नेसली, मुकुल. रविवारी. जो येणार होता तो तू होतास."

शाल्मलीचा आवाज जराही चढला नाही, आणि त्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"अजून एक. गाल, नाक, कान, इथे रक्त जास्त, म्हणून इथे लाल हवाच. तू टिपूसभरही घेतला नाहीस. ओठ राखाडी निळे केलेस. चुकून?"

"नाही," मुकुल म्हणाला. "तसेच दिसत होते."

मग तो भडाभडा बोलला. आजी घाबरं होतंय म्हणाली, त्याने पाणी दिलं. तिने डोळे मिटले. डुलकी लागली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. मग चेहऱ्याचे रंग पालटायला लागले. असे रंग त्याने कधी पाहिलेच नव्हते. श्वास थांबलाय हे उमगलं तेव्हा तो दार ओढून पळाला.

"तिने डोळे मिटल्यावर किती वेळ रंगवत होतास?"

"वीस मिनिटं."

"पुसून का नाही टाकलंस?"

"हात धजला नाही. इतकं चांगलं मला कधीच जमलं नव्हतं."

शाल्मलीने काकांना फोन लावून सगळं सांगितलं. काका सरी, म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले, मग स्टेशनला येतो म्हणाले. फाइल आणि मुकुलला घेऊन ती पाचच्या आत तिथे पोचली.

सगुणाबाई बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुकुल तिथे होता, तुमचं खरं होतं, एवढं शाल्मलीने सांगितलं. आपली सुटका झाली हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"म्हणजे अम्मा एकट्या नव्हत्या?"

"नव्हत्या."

"बरं झालं बाई," सगुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माझ्या जिवाला तेवढंच खात होतं."

त्या वीस मिनिटांबद्दल शाल्मली त्यांना काहीच बोलली नाही. मुकुलचा दंड धरून ती आत गेली.