वाहानोआची टाळी

होडीचं इंजिन बंद पडलं की त्याला कारण असतं. पेट्रोलमध्ये पाणी गेलेलं असतं, प्लग काजळलेला असतो, नाहीतर मालकाने वर्षभर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं. हाआपाई द्वीपसमूहातल्या या टोकाच्या बेटावर इंजिनं दुरुस्त करणारा मी एकटाच, आणि कारण सापडलं नाही असं माझ्या बाबतीत एकदाच झालं. ती होडी मनासेची होती.

मनासे माझा थोरला भाऊ. ट्यूना मासा ओढताना दोरीने त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तरुणपणीच नेली होती, तरी त्याचं ट्यूनाचं वेड काही गेलं नाही. समुद्र तळ्यासारखा निवांत असताना तो मासे धरायला गेला, आणि होडी तेवढी प्रवाळाच्या कडेला येऊन लागली. मी इंजिन पूर्ण खोललं, पुसलं, पुन्हा जोडलं. पहिल्याच झटक्याला ते सुरू झालं.

प्रेत सापडलं नाही, म्हणून मयत नाही. मयत नाही, म्हणून सुतक नाही. कालोलाइने वहिनीने कमरेला सुतकाची फाटकी चटई गुंडाळली नाही. दोरीवर कपडे वाळत घालायची त्यात मनासेचे शर्टही असायचे, न वापरताच पुन्हा पुन्हा धुतलेले. गावाने तेही चालवून घेतलं असतं. पण आमच्या घराण्याचं मानाचं नाव, वाहानोआ, मनासेकडे होतं, आणि कावाच्या मुळीचं पेय पिण्याच्या रिंगणात त्या नावाची जागा रिकामी राहायला लागली. ती लोकांच्या डोळ्यांत खुपू लागली.

शेवटी पांगाईहून बोटीने आत्या आली. आमच्याकडे आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिच्यापुढे बापाचंही चालत नाही. चटईवर बसल्या बसल्या तिने कलिंगड मागवलं, अर्धं फस्त केलं आणि म्हणाली, "लोपेती, शनिवारी ते नाव तू घ्यायचंस."

"आत्या, माझे हे ग्रीसचे हात..."

"मग धू की. साबण काय मी आणून देऊ?"

"आणि दादा परत आला तर?"

आत्याने कलिंगडाची बी थुंकली. "आला तर जेवायला वाढू. पण नावाला माणूस लागतो रे. नाव फार दिवस मोकळं ठेवू नये. कुणीही येऊन बसतं त्यात."

मला नाव नको होतं, भाऊ हवा होता. पण हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या शेडमध्ये आली. "लोपेती, तू टाळी वाजवलीस की मी विधवा झाले."

तिचं खरं होतं. रिंगणात नाव पुकारलं की त्या नावाच्या माणसाने दोन टाळ्या वाजवायच्या, आणि टाळी जिथून येईल तिथे कावाची करवंटी जाते. नव्या माणसाने ती प्यायली की नाव त्याचं, आणि जुना माणूस मेला. टाळीच वाजली नाही, तर कावा परत काथवटीत ओततात.

"नाही वाजवणार," मी म्हणालो. "आत्या कच्चा खाईल मला."

"तुझ्यात खाण्यासारखं आहे काय? हाडं आणि ग्रीस." ती हसली. फार दिवसांनी हसली. मग एकदम म्हणाली, "शपथ?"

"दादाची शपथ."

शनिवारी सकाळी स्वच्छ ऊन होतं. क्षितिजावर काओचा डोंगर अगदी पायथ्यापर्यंत दिसत होता. याम कंदांची रास लागली होती, भाजलेली डुकरं ओळीने मांडली होती आणि त्यांच्यावर माश्या घोंगावत होत्या. आत्याने मला दंडाला धरून मनासेच्या जागेवर बसवलं आणि स्वतः मागे बसली. मी मांडी घातली आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवले. सवयीने वाजायला नकोत. कुंपणापलीकडे विलायती फणसाच्या झाडाखाली वहिनी उभी होती.

काथवटीत कावा पिळला जात होता. पाण्याच्या धारेचा तेवढा आवाज. मग तोही थांबला.

म्हाताऱ्या सेमीसीने पुकारलं, "वाहानोआला द्या."

मी खाली चटईकडे पाहत राहिलो.

दोन टाळ्या वाजल्या.

खणखणीत नाही. बद्द, बद्द. दगडावर ओला पंचा आपटावा तशा.

आवाज माझ्या छातीसमोरून आला होता. माझे हात मांड्यांखालीच होते.

कुणी दचकलं नाही. करवंटी घेऊन माणूस आला आणि माझ्यापुढे बसला. माझ्या जागेवरून टाळी गेली होती; आता नाही म्हणायची सोय नव्हती. मी हात बाहेर काढले. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं बधिर झाली होती. मी त्यांच्यावर बसलो होतो, त्याने झालं असणार.

कावाला मातीची चव असते. ही करवंटी खारट होती.

"वाजवली एकदाची," आत्या मागे पुटपुटली.

रिंगण उठल्यावर मी धावत कुंपणापाशी गेलो. "वहिनी, मी नाही वाजवली. दादाची शपथ."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा शांत होता. "मी ऐकली ना."

तिने सुतकाची चटई बांधली नाही ती नाहीच. आता नाव पुकारलं की मला टाळी वाजवावी लागते. दोन्ही तळवे चांगले जुळवून, जोर लावून वाजवतो, तरी आवाज बद्दच येतो. तेवढ्यापुरती वहिनी कुंपणापाशी येते, ऐकते आणि घरी जाते.

बोटं जागी झाली नाहीत. दवाखान्यातल्या नर्सने त्यांना सुई टोचून पाहिली. शीर दबली असेल, येईल हळूहळू, म्हणाली. मला ते पटलं. कारण सापडलं की मला बरं वाटतं.

काल एक इंजिन चालू ठेवून काम करत होतो. मांस जळल्याचा वास आला तेव्हा खाली पाहिलं. तीच दोन बोटं तापलेल्या नळीला टेकली होती.

वहिनी पट्टी बांधायला आली. बांधून झाल्यावरही तिने हात सोडला नाही. ती दोन बोटं तेवढी मुठीत धरली. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनाच हळू आवाजात विचारलं, "तिथं पाणी फार गार आहे का?"

मी हात हलवला नाही. बोटं मात्र तिच्या मुठीत हळूच वळली आणि तिला घट्ट धरून राहिली.