मंगळवारी रस्ता कोरडा होता

ओमिओ गावातून हॉथमच्या डोंगराकडे निघालेली गाडी सहसा मर्ल ट्रेव्हास्किसच्या शेडसमोर थांबूनच पुढे जायची. टायर, बॅटऱ्या आणि बर्फात चाकांवर चढवायच्या भाड्याच्या साखळ्या, एवढाच तिचा धंदा. नवरा गेल्यापासून ती एकटीच तो सांभाळत होती. साठी उलटली तरी चाक स्वतः उचलायची, आणि गुळगुळीत टायरांवर डोंगर चढायला निघालेल्या शहरी माणसाला तोंडावर सांगायची, "यांच्यावर घसरगुंडी खेळता येईल, गाडी नाही चालवता येणार."

त्या जूनमध्ये, तिकडच्या हिवाळ्याच्या तोंडावर, तिचा धाकटा भाऊ ॲल्बी आपली जुनी डिझेल वॅगन घेऊन आला. ॲल्बीने जन्मभर शाळेची बस चालवली, आता निवृत्त होऊन खाली दरीत एकटाच राहत होता. डोंगरापलीकडे ब्राइटला त्याची मुलगी टॅमसिन होती. आईच्या आजारपणात बाप बस सोडून घरी बसला नाही, हे तिने मनात धरलं होतं. आई गेली तशी ती बापाशी बोलायचीच थांबली. आता तिला मुलगा झाला होता, आणि तिने निरोप धाडला होता : बघायचा असेल तर या.

"कधी येतोस ते कळवलंस का?" मर्लने विचारलं.

"छे! कळवलं तर तिला नको म्हणायला वेळ मिळेल. मंगळवारी सरळ दारात जाऊन उभा राहतो."

मर्लने बुटाचं टोक मागच्या टायरवर आपटलं. "या चाकांवर?"

"म्हणून तर तुझ्याकडे आणली. लाव काय लावायचं ते. आणि बोलणी फुकट असतील तर तीही दे, घरी कुणी देत नाही हल्ली."

शनिवार-रविवार मर्ल त्या गाडीलाच चिकटून होती. चारही टायर तिने नवे चढवले, खोल खाचांचे. रेडिएटरमधलं जुनं पाणी काढून थंडीत न गोठणारं कूलंट भरलं. बॅटरी बदलली. टाकीतलं साधं डिझेल काढून डोंगरावरच्या थंडीसाठीचं भरलं, कारण साधं डिझेल वर मेणासारखं थिजतं. गाडी धुऊन काढली. मग ॲल्बीला शेडच्या फरशीवर गुडघे टेकायला लावून नव्या साखळ्या चढवायला-उतरवायला लावल्या, आधी हातमोजे घालून आणि मग डोळे मिटून.

"लग्नाची मागणी घालतानासुद्धा मी एवढा गुडघ्यावर बसलो नव्हतो गं," तो कण्हत म्हणाला.

"वर बोटं बधिर होतात. तेव्हा आठवत बसायला वेळ नसतो. आणि गाडी उघड्यावर ठेवलीस तर हँडब्रेक ओढू नकोस, गोठून बसेल. गिअरमध्ये ठेव. वायपर काचेवरून उचलून ठेव."

"अजून काही, मास्तरीणबाई?"

"ढग खाली आले तर परत फिर. लाजू नकोस."

हवा मात्र छान होती. सकाळी गवतावर पांढरं दहिवर पडायचं, पण डोंगरावर अजून बर्फाचा कण नव्हता.

सोमवारी सकाळी मर्लने शेड उघडली तेव्हा वॅगनखाली पाणी साचलं होतं. कूलंट गळतंय की काय म्हणून ती वाकली. पाणी स्वच्छ होतं आणि चाकांच्या वरून ठिबकत होतं. तिने मडगार्डच्या आत हात घातला. आत बर्फ होता. घट्ट चेपलेला, रस्त्याच्या काळपट चिखलाचे थर असलेला. बर्फातून बराच वेळ चाललेल्या गाडीत साचतो तसा. स्क्रूड्रायव्हरने तिने एक ढेकूळ काढलं. ते तिच्या तळव्यावर हळूहळू विरघळलं.

ती बाहेर येऊन डोंगराकडे बघत राहिली. डोंगर काळा आणि कोरडाच होता.

गाडी धुतलेलं पाणी गोठलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. गोठलेलं पाणी काचेसारखं असतं, असं भुसभुशीत पांढरं नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी तिने चारही मडगार्ड खरवडून साफ केली आणि ॲल्बीला काही बोलली नाही.

मंगळवारी ती लवकर उठली. साखळ्यांची पिशवी शेवटची एकदा तपासावी म्हणून तिने उघडली. साखळ्या ओल्या होत्या. कोऱ्या करकरीत साखळ्यांचा मुलामा उडून कड्या आतून चकाकत होत्या, डांबरावर घासल्यासारख्या. दोन कड्यांच्या मध्ये सालीची एक तांबूस-हिरवी पट्टी अडकली होती. ही साल बुटक्या निलगिरीची, आणि ती निलगिरी फक्त माथ्यावर, बर्फाच्या पट्ट्यात उगवते.

तिने चालकाच्या सीटवर हात ठेवला. सीट भिजलेली होती.

एवढ्यात मागून ॲल्बीचा आवाज आला. त्याने दाढी केली होती आणि ठेवणीतला कोट घातला होता. "काय, तयार आहे ना माझी नवरी?"

मर्ल आयुष्यात कधी कुठल्या गाडीबद्दल खोटं बोलली नव्हती.

"ब्रेक," ती म्हणाली. "पुढचे ब्रेक पॅड गेलेत. बेर्न्सडेलहून मागवावे लागतील. गुरुवारपर्यंत येतील."

"काल तर म्हणालीस, ब्रेक उत्तम आहेत!"

"काल नीट पाहिले नव्हते."

"तुलासुद्धा वाटतं ना, मी जाऊ नये? मी तिथे काय तोंड दाखवणार?"

"वेड्यासारखं बोलू नकोस रे," ती म्हणाली, पण खरं काय ते सांगता येईना. सांगणार तरी काय?

दिवसभर तो तिच्या स्वयंपाकघरात शेगडीजवळ फुरंगटून बसला. भोपळ्याचं सूप प्यायला आणि कोट अंगावर ठेवूनच खुर्चीत झोपला. दुपारी लाकूड टाकायला ती आत आली. तो इतका निश्चल झोपला होता की तिने त्याच्या हाताला हात लावून पाहिला. शेगडी रसरसत होती, पण हात बर्फासारखा गार.

तो दचकून जागा झाला. "पोचलो का?"

"बसमध्ये नाहीयेस तू," मर्ल हसून म्हणाली. त्याचा हात मात्र तिने बराच वेळ चोळला.

मंगळवारी आणि बुधवारी डोंगरावर ढग म्हणून नव्हता.

गुरुवारी सकाळी रेडिओने सांगितलं, रात्री बर्फ येईल. मर्ल शेडच्या दारात आडवी उभी राहिली. "आजचा दिवस थांब, ॲल्बी. ऐक माझं."

"मंगळवारी तू ब्रेक पुढे केलेस, मी थांबलो. आज हवा पुढे करतेस." त्याने तिला हलकेच बाजूला केलं. "बर्फ रात्री येणार, मी दुपारीच पलीकडे असेन. माझी नात्याची माणसं दोनच गं. एक तू, आणि एक ती. तिला किती दिवस थांबवू?"

ब्रेक चांगलेच होते, हे तेव्हा कबूल केलं असतं तर तो भांडला असता. भांडणात तास-दोन तास गेले असते. ढग दिसले असते. मर्लने पुढे हा हिशोब मनात पुन्हा पुन्हा मांडला.

त्या सकाळी तिने फक्त साखळ्यांची पिशवी त्याच्या हातात दिली.

बर्फ रात्रीची वाट न बघता भर दुपारीच आला.

बर्फ काढणाऱ्या गाडीच्या चालकाला वॅगन माथ्याच्या पलीकडच्या वळणावर दिसली. साखळ्या नीट चढवलेल्या होत्या. वायपर उभे होते. आत कुणी नव्हतं.

ॲल्बी खाली निलगिरीच्या झुडपांत सापडला, झाडाला टेकून बसलेला.

टॅमसिनला पोलिसांनीच कळवलं. मर्लला फोन उचलायचा धीर झाला नाही.

दफन ओमिओलाच झालं. माणसं गेल्यावर टॅमसिन बाळाला घेऊन मर्लच्या स्वयंपाकघरात बसली. मर्लने चहा ठेवला. आज सगळं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. तुझा बाप कोरड्या रस्त्याने तुझ्या दारात आला असता, मी त्याला खोटं बोलून अडवलं. शब्द ओठांवर आले होते.

पण टॅमसिनच आधी बोलली.

"आत्या, एक विचारू? बाबा गुरुवारी पुन्हा माझ्याकडे का निघाले होते?"

"पुन्हा?"

"मंगळवारी येऊन गेले ना."

मर्लने किटली खाली ठेवली.

"दुपारी दार वाजलं. उघडलं तर हे उभे. कोट ओला, बुटांवर बर्फ. मी म्हटलं, अहो, इतकं छान ऊन पडलंय, कुठून आलात असे? तर नुसते हसले." टॅमसिनने डोळे पुसले. "कोट काढला नाही. चहा नको म्हणाले. याला मांडीवर घेऊन बसले. त्यांचे हात इतके गार होते, पण हा रडला नाही बघ. मी सगळं बोलून घेतलं, आत्या. आईचं, माझं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. बरं झालं ना, येऊन गेले ते?"

"हो," मर्ल कशीबशी म्हणाली. "बरं झालं."

शेगडीत लाकूड तडकलं. मंगळवारी दुपारी ॲल्बी ज्या खुर्चीत झोपला होता, तिच्यातच टॅमसिन बसली होती.

"मी म्हटलं, पोचलात असा आत्याला फोन करते. तर नको म्हणाले."

"का?"

टॅमसिनने बाळाला खांद्यावर घेतलं.

"म्हणाले, तिला सांगू नकोस. तिला वाटतंय, मी अजून निघालोच नाही."