यकृताला पोचलेला निरोप

मंगळाकडे निघालेल्या 'अपरांत' यानात डॉ. नलिनी टेंबे भाजीभाकरीवर ताव मारत होत्या. समोर जंतुशास्त्रज्ञ अन्वर मुजावर पेजेच्या वाटीकडे नुसता बघत बसला होता. गालफडं पार आत गेलेली.

"दोन घोट तरी घे रे," बाई म्हणाल्या.

"वासनाच नाही बघा, बाई. माझ्या आतड्यातला जंतू मेला, मीच तपासलं. मग माझं यकृत कुणाचं सुतक पाळतंय?"

"नियम साधा आहे. आतड्यात जंतू शिरला, की आतडं रक्तातून यकृताला निरोप धाडतं. यकृत साखर आखडतं, चरबी जाळतं, भूक मारतं. चोर शिरला, कोठाराला कुलूप!"

"आणि निरोप थांबला, की कुलूप उघडायला पाहिजे."

अन्वरच्या आजारात तो निरोप पोचतच नव्हता. म्हणून बाईंनी त्याला यंत्र बसवलं होतं. आतड्याजवळच्या शिरेतला निरोपक निरोपाची रसायनं शोषून घेई आणि यकृतातल्या श्रावकाला लहरींनी कळवी. रोग्याआधी आपल्या अंगावर, हा बाईंच्या प्रयोगशाळेचा दंडक. त्यामुळे यानातला एकुलता एक श्रावक आधी त्यांच्याच यकृतात होता. अन्वर अत्यवस्थ झाला, तेव्हा त्यांनी तो काढून त्याला दिला. त्याचा त्यांना अभिमान होता.

असाच झिजत राहिला, तर अन्वर मंगळ बघणार नव्हता. बाईंनी बाह्या सरसावल्या.

"तुझा निरोपक बंद करते. श्रावक गप्प व्हायलाच हवा."

त्यांनी कळ दाबली. पडद्यावरची श्रावकाची रेघ तशीच उसळत राहिली. जंतू आहे, कोठार बंद ठेवा!

"बंद झाला ना?" अन्वरनं विचारलं.

"झाला."

"मग बोलतंय कुणाचं आतडं?"

यानात निरोपक दोनच होते. दुसरा बाईंच्या शिरेत रुजलेला, तो काढता येत नव्हता आणि काढायची गरजही त्यांना वाटली नव्हती. अन्वरची सेवा करताना जंतू त्यांच्या पोटात शिरला होता. त्यांच्या आतड्यानं इमानेइतबारे ओरड केली, पण निरोपकानं ती वाटेतच शोषली आणि ऐकली अन्वरच्या यकृतानं. त्यांचं स्वतःचं यकृत बेसावध राहून साखर वाढत होतं आणि जंतू पंगतीला बसला होता.

बाई घाबरल्या, पण क्षणभरच. ताट सरकवून त्या उठल्या.

"श्रावक मला परत हवा. आत्ताच."

"काढा की," अन्वर शस्त्रक्रियेच्या खाटेवर आडवा होत म्हणाला. "इतके दिवस तुमचा उपास मी केला, बाई. उरलेला आता तुम्ही करा."