एका सुरातल्या दोन चौकटी

"जाडी किती?"

कारागिराने नकाशावरची नजर न उचलता विचारलं. समोरची बाई विद्यापीठाच्या तळघरातल्या या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदाच उतरली होती, तीही योगायोगाने. वरच्या मजल्यावर नकाशे बघणारा माणूस रजेवर होता आणि त्याच्या दाराला चिठ्ठी होती : 'खाली विचारा'.

"शून्य," ती म्हणाली.

आता मात्र त्याने मान वर केली. डोळे हसरे होते, पण आवाज सरळ.

"शून्य म्हणजे... साधारण किती?"

"नुसतं शून्य. समीकरणात जाडी धरलेलीच नाही."

"मॅडम, शून्य जाडीचा पत्रा बाजारात मिळत नाही. मिळाला तरी दिसणार नाही. आणि दिसला नाही तर मी कापू कुठं?"

लेथजवळचे दोघं खोकल्याचं निमित्त करून हसले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये तिचं नाव पडलं – शून्यबाई.

शून्यबाईचा विषय गणिती भौतिकशास्त्र. ती ज्या आत्याकडे राहायची, तिला हा विषय एवढाच कळला होता : "प्रयोगशाळा नाही, दुर्बीण नाही. भाची माझी कागदाकडे बघत बसते आणि दर महिन्याला पगार आणते." नऊ वर्षांत चार गावं झाली, चार तात्पुरत्या नेमणुका झाल्या. पुस्तकांचे खोके ती हल्ली अर्धेच उघडायची. पुन्हा बांधायला सोपं जातं. आता पहिल्यांदाच कायमची जागा निघाली होती. तिने कागदावर सिद्ध केलं होतं, की अगदी वेगळ्या आकाराच्या दोन चौकटींवर पडदा ताणला तर दोन्ही एकाच सुरात वाजतील. डोळे मिटून बसलेल्या माणसाला कुठली चौकट वाजली ते सांगता येणार नाही. विभागप्रमुखांनी ते सगळं वाचलं आणि म्हणाले, "छान. आता ऐकवा." तीन आठवड्यांनी निवड समिती बसणार होती.

म्हणून ती रोज खाली उतरू लागली. तेलाचा वास, लेथची घरघर, वरच्या झरोक्यातून पडणारा उन्हाचा एक पट्टा... आणि त्या पट्ट्यात बाह्या दुमडून उभा असलेला तो.

पहिल्या दोन चौकटी, एक मोडक्या पतंगासारखी आणि एक मान दुमडलेल्या बदकासारखी, पत्रा बसवून तयार झाल्या. तिने टिचकी मारली.

"इतक्या जोरात नको," तो म्हणाला. "रागावल्यासारखी लागते."

"मी रागावलेलीच आहे."

"माझ्यावर?"

"समीकरणावर."

"मग ठीक आहे. तुमच्या भांडणात मी पडत नाही."

आवाज मात्र एकीचा पूर्वेला, दुसरीचा पश्चिमेला. तिचा चेहरा पडला. त्याने पत्रा बोटाने दाबून बघितला.

"एक विचारू? हा पत्रा त्याच्या अंगच्या ताठपणाने वाजतोय. तुमच्या कागदावरचा पडदा ताठ नाही ना... नुसता ताणलेला आहे. मग पत्रा सोडू या. पातळ प्लॅस्टिक घेऊ, कांद्याच्या सालीसारखं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच. शून्य म्हणालात की."

त्या संध्याकाळी आत्याने तिच्या केसांतून काहीतरी चमकणारं उचललं. "पितळेचा कीस. कोण आहे तो?"

"कोण तो? माझं काम चालू आहे, आत्या."

"मी कामाचंच विचारतेय. कीस काही आपोआप केसांत चढत नाही."

समितीच्या आदल्या दिवशी सकाळी ती खाली आली, तेव्हा कांद्याच्या सालीसारखे पडदे ताणून दोन्ही चौकटी तयार होत्या. सूर मोजणारं यंत्र लावलं. टिचकी. दुसरी टिचकी. आकडे शेवटच्या घरापर्यंत सारखे.

तो हात पुसत शेजारी उभा होता. खरं तर तिने हसायला हवं होतं... पण तिने आकडे पुन्हा एकदा वाचले.

"इतकं जुळायला नको."

"म्हणजे?"

"पडदा पातळ असला तरी त्याला जाडी आहे. चार दिवस मी तोच हिशेब करतेय. हजारात तीन एवढा फरक राहायलाच हवा." तिने बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर उचलला आणि चौकटीच्या आतल्या कडा एकेक करून मोजल्या. सातवी कड अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरली.

"इथं कानस कुणी लावली?"

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळूच, "मी."

"का?"

"काल रात्री वाजवून बघितलं, जुळत नव्हतं. परवा समितीचं नाव निघालं तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलात... मला वाटलं, एवढ्याशाने तुम्ही इथं राहणार असाल, तर –"

वाक्य तिथंच राहिलं. दुसरी एखादी पुढच्या शब्दांची वाट बघत थांबली असती. पण हिचा राग नाकाच्या शेंड्यावर.

"उद्या समितीतल्या कुणी हे मोजलं असतं, तर माझी नऊ वर्षं खोटी ठरली असती. आणि कुणी मोजलं नसतं, तर ती मलाच खोटी वाटली असती. जन्मभर."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

"संध्याकाळपर्यंत नवी चौकट करतो. तुमच्यासमोर."

दिवसभर ती स्टुलावर बसून राहिली. दुपारी त्याने आपल्या डब्यातलं अर्धं तिच्यापुढे सरकवलं. तिने ते रागाने खाल्लं... पण खाल्लं. कडेवरून बोट फिरवताना तो श्वास रोखून धरतो, हे तिला त्या दिवशी दिसलं. मग तिचाही श्वास थांबायला लागला, आणि राग कुठल्या क्षणी उतरला ते तिच्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर तिने सगळ्यात आधी फळ्यावर लिहिलं : अपेक्षित फरक, हजारात तीन. मगच टिचकी मारली. यंत्राने दाखवलं, तीन आणि वर थोडंसं.

"म्हणजे सूर जुळला नाही," विभागप्रमुख म्हणाले.

"किती जुळणार नाही ते आधी लिहिलंय, सर. तंतोतंत जुळला असता तर मी चुकले असते."

त्यांनी चष्मा काढला, खुर्चीतून उठले आणि स्वतः टिचक्या मारत बसले. आधी हिला, मग तिला, मग पुन्हा हिला.

ती जिना उतरून खाली आली तेव्हा लेथ बंद होतं. तो नुसताच उभा.

"काय झालं?"

"सोमवारी कळवतील."

"पण चेहऱ्यांवरून काही?"

"समितीला चेहरा नसतो." ती थांबली. "मला एक विचारायचंय. आत्ताच. सोमवारी विचारलं तर जागा मिळाली म्हणून विचारलं असं होईल... नाही मिळाली, तर रडायला खांदा हवा म्हणून. निकालानंतर सांगितलेलं भाकीत कुणी धरत नाही."

"विचारा."

"काल एक वाक्य तुम्ही अर्धं सोडलंत. मला ते पुरं हवंय."

त्याने स्वच्छ असलेले हात पुन्हा पुसले. "रागवाल."

"ते कालच उरकलंय."

"मला वाटलं... एवढ्याशाने तुम्ही इथं राहणार असाल, तर रोज सकाळी आल्या आल्या मला जिन्याकडे बघता येईल. आयुष्यभर बघितलं तरी कंटाळा यायचा नाही."

तिच्या तोंडाला कोरड पडली. चारशे लोकांसमोर व्याख्यान देताना कधी पडली नव्हती.

"आणि नाही राहिले तर? पाचव्या गावाला गेले तर?"

तो विचारात पडला. एखादं माप दोनदा घ्यावं, तसा.

"लेथ सगळ्याच गावांत असतात," तो म्हणाला.

तिने त्याच्या हातातलं फडकं काढून बाजूला ठेवलं आणि त्याच्या मोकळ्या हातात आपला हात दिला. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली, लेथवाले दोघं जेवून परत येत होते बहुतेक. पावलं दारापर्यंत आली, थबकली... आणि एकाला खोकला आला.

तिने हात काढला नाही.