बर्फातला खरवस

“अगं बाई, पाय काढ ना माझ्या पायावरून!”

सहाशे किलोची गाय माझ्या बुटावर उभी होती आणि मी तिच्याशी सवयीनं मराठीत भांडत होते. तिनं शांतपणे कान हलवला. पाय नाही.

“तिला मराठी कळत नाही हो,” मागून आवाज आला. “त्सुरूक म्हणा, म्हणजे मागे. आणि खांद्याला जरा रेटा... रागानं नको. गर्दीत ओळखीच्या माणसाला सरकवतो ना, तसं.”

मी रेटलं. “त्सुरूक!” गाईनं पाय उचलला. मी लंगडत वळले. गोठ्याच्या दारात हिरवा रबरी अंगरखा घातलेला एक मुलगा उभा होता. लोकरीच्या टोपीवर बर्फ साचलेला, आणि हसू दाबून धरलेलं. म्युनिकच्या स्टेशनावर मराठी कानावर पडलं तर कुणी मान वळवत नाही. पण चेक सीमेजवळच्या या डोंगरात, जिथं दिवसातून तीनदा बस येते, तिथं? गोठ्यात?

“तुम्ही... मराठी?”

“फलटणचा. शार्दूल. जनावरांचा डॉक्टर... म्हणजे तिकडे डॉक्टर. इकडे अजून डॉक्टरांच्या हाताखाली. इथली परीक्षा व्हायचीय.” त्यानं माझ्या बुटाकडे पाहिलं. “आणि तुम्ही पुण्याच्या.”

“कशावरून?”

“गाईला ‘अगं बाई’ म्हणालात.”

मी चिडायला हवं होतं. पण तीन आठवड्यांनी कुणीतरी मराठीत बोललं होतं. मी हसले.

मी चारुलता. ड्रेस्डेनच्या विद्यापीठात पीएचडी करते. गाईच्या गळ्यात एक पट्टा बांधायचा, ती दिवसभरात किती रवंथ करते ते तो पट्टा मोजतो. रवंथ कमी झाला की गाय आजारी पडणार हे आधीच कळतं. हे सगळं मी तोवर संगणकावर केलं होतं. गाईला हात लावायची वेळ कधी आलीच नव्हती. मग प्रोफेसर म्हणाले, “कडाक्याच्या थंडीतले आकडे हवेत. डिसेंबर ते मार्च तिथंच जाऊन राहा.” आणि मी फ्राऊ लिंडनरच्या दारात दोन बॅगा घेऊन उतरले.

फ्राऊ लिंडनर बहात्तर वर्षांच्या. एकट्या. बावीस गाई आणि काही हंस. त्यांनी माझे शहरी बूट पाहिले, एक शब्द न बोलता आत गेल्या आणि आपल्या दिवंगत नवऱ्याचे गमबूट आणून माझ्यासमोर ठेवले. आत दोन जोड मोजे घालून ते मला बरोबर बसले.

पहिले दिवस मी रोज ठरवायची, उद्याच्या बसनं परत. सकाळी पाण्याचा हौद गोठलेला असायचा, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं बर्फ फोडावा लागे. पापण्यांवर दव गोठे. केसांना, उशीला, माझ्या फोनलासुद्धा आंबवलेल्या चाऱ्याचा वास. पण एकदा बोटं इतकी बधिरली की रडू फुटलं, तेव्हा एर्ना नावाच्या गाभण गाईनं मान खाली घातली, आणि मी दोन्ही हात तिच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या मऊ पोळीत खुपसले. काय ऊब होती! ती उभी राहिली, हललीसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी बसचं वेळापत्रक पाहिलं नाही.

त्या पहिल्या भेटीनंतर शार्दूल मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. गाई तपासायच्या, इंजेक्शनं द्यायची, आणि जाताना मला एक नवा शब्द शिकवायचा. गव्हाण, दावं, कालवड... मराठी शब्द, जे मला पुण्यात कुणी शिकवले नव्हते.

“तुम्हाला साधं दावं माहीत नाही?”

“आमच्याकडे दूध पिशवीतून येतं.”

“बिचारी पिशवी,” तो गंभीरपणे म्हणायचा. “फार कष्टाळू जनावर.”

एका मंगळवारी माझ्या लक्षात आलं की मी केस विंचरून वेणी घातलीय, आणि वर कान झाकणारी टोपी चढवलीय. कुणाला दिसणार होती ती वेणी?

जानेवारीत एका शुक्रवारी तो आला आणि त्याच्या मागोमाग वादळ आलं. दुपारपर्यंत कुंपणाचे खांब दिसेनासे झाले. रस्ता बंद. फ्राऊ लिंडनरनी खिडकीतून पाहिलं, “गेनाऊ,” म्हणजे ‘बरोबर’, एवढंच म्हणाल्या आणि तिसरं ताट मांडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौद फोडत होते, तर अंगणातून ओरडा आला. पाहते तो शार्दूल पळतोय आणि मागे मान लांब करून, फूत्कारत, फ्राऊ लिंडनरचा दांडगा हंस. पुढच्या क्षणी शार्दूल बर्फावर सपशेल आडवा.

मी फावडं आपटून हंसाला हाकललं. “नाव शार्दूल... आणि हंसाला घाबरता?”

“बैलाला नाही घाबरत,” तो बसल्या जागी म्हणाला. “बैल विचार करतो. हंस करत नाही.” मग त्यानं उजवं मनगट धरलं आणि त्याचं हसू गेलं. मनगट बघता बघता सुजलं.

आणि नेमकी त्याच दुपारी एर्ना अडली.

कळा देऊन देऊन ती आडवी झाली होती. वासराचे पुढचे दोन पाय आणि तोंड असं एकत्र यायला हवं. बाहेर एकच खूर दिसत होतं. शार्दूलनं डावा हात घालून पाहिला, दोनदा, तीनदा. त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला.

“एक पाय मागं दुमडलाय. डाव्या हातानं जमत नाहीये मला.” त्यानं फ्राऊ लिंडनरच्या संधिवातानं वाकलेल्या बोटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“नाही,” मी म्हणाले. “मी इंजिनिअर आहे.”

“तुमचा हात बारीक आहे. मी सांगतो तसं करायचं, बस. रस्ता उघडायची वाट पाहिली तर दोघंही जातील.”

मी स्वेटर काढला. खांद्यापर्यंत साबण लावला. आणि हात आत गेला... गरम, घट्ट, जिवंत. कळ आली की माझी हाडं मोडतील असं वाटे.

“डोकं हळू मागं सरकवा... आता पायावरून खाली, खाली... खूर सापडलं?”

“सापडलं! शार्दूल, ते हलतंय!”

“खूर तळहातात झाक. पूर्ण झाक, नाहीतर गर्भपिशवीला जखम होईल. आता तुझ्याकडे वळव. सावकाश... चारू, घाई नको... आणि आता ओढ!”

दोरी बांधून आम्ही तिघांनी ओढलं आणि वासरू पेंढ्यावर घसरलं. ओलं, लांब पायांचं, निपचित. शार्दूलनं त्याच्या नाकात पेंढ्याची काडी घातली. काही नाही. मी पोतं घेऊन छाती चोळत राहिले, चोळत राहिले, काय पुटपुटत होते देव जाणे. मग एक शिंक. इवलीशी, रागावलेली शिंक.

“कालवड,” शार्दूल म्हणाला.

फ्राऊ लिंडनर डोळे पुसत पाणी तापवायला निघून गेल्या. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो, रक्तानं-पाण्यानं माखलेले. एर्ना वासराला चाटत होती. माझे दात वाजत होते. त्यानं आपला कोट माझ्या अंगावर टाकला, आणि टाकताना हात खांद्यावर राहिला... जरा जास्तच वेळ.

“तू मला ‘तू’ म्हणालास,” मी म्हणाले.

“कधी?”

“खूर झाक म्हणालास तेव्हा.”

“मग आता ‘तुम्ही’ कसं म्हणू?” तो हळूच म्हणाला.

कालवडीचं पोट भरून एर्नाचा चीक उरला. तिसऱ्या दिवशी शार्दूलनं त्याचा खरवस केला. माझ्याकडचा गूळ, माझ्याकडचीच वेलची, आणि वाफवायला फ्राऊ लिंडनरचं बटाट्याचं पातेलं. डाव्या हातानं त्यानं वड्या पाडल्या, वाकड्यातिकड्या. फ्राऊ लिंडनरनी संशयानं एक चाखली. मग सहा खाल्ल्या. बाहेर सगळं पांढरं, आत वेलचीचा वास, आणि टेबलापलीकडे तो, माझ्याकडे बघत... मी बघितलं की बटाट्याच्या पातेल्याकडे बघणारा.

चौथ्या दिवशी बर्फ काढणारी गाडी आली. तो गेला.

आणि मग आलाच नाही. मंगळवारी त्याचे थोरले डॉक्टर आले. शुक्रवारीही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. मी मेसेज केला, “मनगट कसं आहे?” उत्तर आलं, “बरं आहे. धन्यवाद.” धन्यवाद! माझ्या मराठी आयुष्यात मला कुणी असा धोंडा मारला नव्हता.

फ्राऊ लिंडनर दोन आठवडे माझं तोंड पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, “त्यानं स्वतःच दुसऱ्या गोठ्यांची फेरी मागून घेतलीय. आज खालच्या क्राउझेंच्या गोठ्यात खुरं कापतोय. दोन किलोमीटर. गमबूट घाल.”

मी गुडघाभर बर्फातून चालत गेले. तो वाकून गाईचं खूर कापत होता. मला पाहून सरळ झाला.

“चारुलता... तुम्ही चालत आलात?”

“तुम्ही?” माझा श्वास वाफ होऊन त्याच्यापर्यंत जात होता. “एर्नाच्या पोटात माझा हात खांद्यापर्यंत होता तेव्हा ‘तू’ होते मी.”

तो हसला नाही. “एकदा नापास झालोय या परीक्षेत. या वेळीही झालो तर व्हिसा संपतो. जूनमध्ये परत फलटण. तुला इथं मोठमोठ्या नोकऱ्या मिळतील. मी कशाच्या भरवशावर काही बोलू? म्हटलं, निकाल लागेपर्यंत लांबच राहावं.”

“मला विचारलंस?”

“काय?”

“लांब राहू का, असं. मला विचारलंस?”

गाईनं शेपटी आपटली.

“आणि फलटणच्या गाई रवंथ करत नाहीत का रे?”

त्याला कळायला वेळ लागला. मग चेहराभर काहीतरी पसरत गेलं, डोळ्यांपासून खाली, सावकाश.

“करतात,” तो म्हणाला. “भरपूर करतात.”

“मग? माझं काम जिथं गाई तिथं. आता बोल काय बोलायचं होतं ते.”

“मला तू... फार आवडतेस, चारू. त्या मंगळवारी वेणी टोपीखालून बाहेर आली होती ना... तेव्हापासून.”

दिसली होती तर! त्यानं दातांनी हातमोजा ओढून काढला आणि माझ्या गालावर हात ठेवला. हाताला खुराचा वास होता. मला चालला.

निकाल एप्रिलच्या शेवटी लागला. लेखी पास, तोंडी परीक्षेचा एक विषय राहिला. तो सप्टेंबरमध्ये. व्हिसा रडतखडत वाढला. शार्दूल दोन दिवस उदास होता. तिसऱ्या दिवशी पुस्तकं घेऊन फ्राऊ लिंडनरच्या स्वयंपाकघरात बसला, आणि मी ड्रेस्डेनहून दर शनिवारी येऊन त्याला प्रश्न विचारू लागले.

मे महिन्यात गाई पहिल्यांदा कुरणात सोडल्या. सहा महिने गोठ्यात काढलेल्या त्या जडशीळ बायका फाटक उघडताच उड्या मारायला लागल्या. मागचे पाय हवेत, शेपट्या ताठ. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात ती चहा घेऊन बसलेली.

“अगोबाई, नाचतायत की गं!” ती हसत होती. मग थांबली. “चारू... तुझ्या हातात तो हात कुणाचा?”

मी कॅमेरा वळवला. शार्दूलनं घाईघाईनं केस सारखे केले. “नमस्कार, काकू. मी शार्दूल... फलटणचा.”

आईनं चष्मा नीट बसवला. मग म्हणाली, “जरा उजेडात ये बघू. नीट दिसत नाहीयेस.”

तो सफरचंदाच्या झाडाखालून उन्हात आला. हात मात्र त्यानं सोडला नाही.