आमची मागणी, आपली मागणी

त्या सकाळी दवाखान्याच्या गेटात माझी स्कूटी अडली ती मांडवाच्या दोरीला. अवकाळी पावसानं भिजून सैल झालेली दोरी नेमकी हँडलात गुंतली आणि अर्धा मांडव माझ्यासोबत आत यायला निघाला.

"ओ सिस्टर! थांबा, थांबा... संप चालूए!"

माईक हातात घेऊन एक उंच, सावळा माणूस धावत आला. चष्म्याच्या काचांवर थेंब, खिशाला बिल्ला. जालन्याहून बदलून आला नि लगेच संघटनेचा चिटणीस झाला, तो मुकुंद ब्रदर हाच. आमच्या ड्यूटीच्या पाळ्या कधी जुळल्याच नव्हत्या.

"संप तुमचा आहे," मी म्हटलं. "दोरी काढा."

"आमचा म्हणजे सगळ्यांचाच की. तुम्हीपण नर्स, मीपण नर्स."

"मी कंत्राटी आहे ब्रदर. आत गेले न्हाई तर माझी पुढची ऑर्डर निघत न्हाई. तुमचं भांडण म्हातारपणच्या पेन्शनचं. माझं पुढच्या महिन्याचं."

तो दोरी सोडवायला लागला... इतक्या सावकाश, की मला राहवेना.

"सलाईनपण असंच लावता का? पेशंट म्हातारा होत असंल."

"पेशंट असं टक लावून बघत न्हाई," तो खाली मान घालून म्हणाला.

मी काहीच बघत नव्हते! म्हणजे... चष्म्यावरचा थेंब खाली कधी पडतो, एवढंच बघत होते.

वॉर्डात त्या दिवशी मी एकटी. इंजेक्शनं मी, पट्ट्या मी, नातेवाइकांच्या शिव्या ऐकायला पण मीच. खिडकीतून घोषणा येत राहिली : "आमच्या मागण्या मान्य करा!" एकच वॉर्ड, एकच सुई, एकच ताप, पण महिन्याच्या शेवटी पगाराच्या कागदावर तो एका जातीचा माणूस आणि मी दुसऱ्या. आणि चिडचिड अशी, की एवढ्या आवाजात त्याचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता.

दुपारी तो खिडकीशी आला, चहाचा कप घेऊन.

"संपाचा चहा मला चालत न्हाई."

"चहा संपावर न्हाई, सिस्टर."

मी कप घेतला. पदरात—म्हणजे अॅप्रनच्या खिशात—मोसंबी होती, ती त्याला दिली. हिशोब बराबर.

"एक सांगू?" मी म्हटलं. "तुम्ही 'आमच्या मागण्या' म्हणता ना, तवा मी त्या शब्दाच्या बाहेर उभी असते. 'आमच्या' म्हटलं की ऐकणारा बाहेर. 'आपल्या' म्हटलं की आत. दुसरीतल्या पोरालाबी कळतंय."

मोसंबी सोलता सोलता त्याचा हात थांबला. "हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं," तो म्हणाला. त्यानं अर्धी मोसंबी परत माझ्या हातावर ठेवली. बोटं ओली होती. मला उगाचच राग आला.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे मोठे साहेब निवेदन घ्यायला आले. मुकुंदनं माईक घेतला, एकदा वॉर्डाच्या खिडकीकडं पाहिलं आणि छाती भरून ओरडला, "आपल्या मागण्या... मान्य करा!"

साहेब दचकले. "माझ्या?" ते हसत म्हणाले. "माझी तर एकच मागणी आहे. हा मांडव गेटातून हलवा."

सगळा मांडव खदाखदा हसला. संघटनेचे अध्यक्ष अण्णासाहेब, निवृत्तीला टेकलेले हेडक्लार्क, लालबुंद झाले. "कोणाला इचारून शब्द बदलला रं?"

"अण्णा, आपल्या म्हणजे... कंत्राटीवाल्यांच्यापण. त्यांना कायम करायची मागणी निवेदनात घालू."

"त्यांचं घुसवलं तर आमचं पातळ होतंय. माईक दे इकडं."

त्यानं माईक दिला. खिडकीत मी कपाळावर हात मारून घेतला. माणूस चांगला, पण घोषणा तपासून घ्यायची अक्कल नको?

आठवडाभरात कायमवाल्यांना आश्वासन मिळालं. गुलाल उधळला, पेढे वाटले. आमचा उल्लेखसुद्धा नाही. आणि आमच्या ऑर्डरी "विचाराधीन". मंग आम्ही कंत्राटी बायका त्याच गेटाशी, त्याच गळक्या मांडवात बसलो. माझ्याशेजारी वॉर्डातली दैवशाला, तिच्यापलीकडं सफाईच्या दुर्गाबाई.

अण्णासाहेब जाता जाता म्हणाले, "पोरी, कशाला नोकरीमागं लागली? लगीन करून टाक, मिटलं."

उत्तर देणार तोवर एक सतरंजी माझ्यापुढं धप्पकन पडली. मागून मुकुंद. साप्ताहिक सुट्टी त्याची, अंगावर घरचा शर्ट, खिशाला बिल्ला नाही.

"चिटणीसपद काढून घेतलं माझं," तो बसत म्हणाला.

"ब्रदर, तुमचा संप मिटला. घरी जावा."

"आमचा मिटला. आपला कुठं मिटला?"

आभाळ गडगडलं. मांडवाच्या झोळीतलं पाणी त्याच्या खांद्यावर सांडलं, तरी हलला नाही. दैवशालानं दुर्गाबाईंना कोपर मारलं.

"आणि एक," त्यानं चष्मा काढला, पुसला, उलटा घातला, परत काढला. "मला वाटतं... आपण लग्न करावं."

"मी? कोणाशी?"

"अहो—"

"न्हाई, तुम्ही मला आदरानं 'आपण' म्हणून राह्यलात ना? त्या साहेबांसारखं?"

"अहो सिस्टर, आपण म्हणजे आपण! दोघं!"

"आधी सिस्टर म्हणायचं बंद करा. लोक काय म्हणतील?"

दुर्गाबाई हसून हसून मांडवाच्या खांबाला टेकल्या. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

"अर्पिता," तो म्हणाला. पहिल्यांदाच. पावसाचा आवाज मध्येच कुठंतरी गेला. "ऑर्डरच्या बदल्यात न्हाई म्हणत मी. अण्णांसारखं तर बिलकुल न्हाई. ऑर्डर निघेस्तोवर दर सुट्टीला इथंच बसणार. ही मागणी वेगळी, ती वेगळी."

"म्हंजे मागणी घालून राह्यलात. अन् कुठं? धरणं आंदोलनात."

"मागण्यांसाठी दुसरी कोणती जागा असते?"

एवढा वैताग मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी पर्समधून मोसंबी काढली, सोलली आणि अर्धी त्याच्या ओल्या हातावर ठेवली.

"एक मागणी सरकारकडं पडलीए," मी म्हटलं. "दुसरी..."

"दुसरी?"

"आपली मागणी मान्य."

त्यानं हळूच विचारलं, "आपली म्हणजे... माझी, का दोघांची?"

"बसा इचार करत," मी म्हटलं, आणि सतरंजीवर त्याच्याजवळ सरकले.