उकंडाचं उणे आयुष्य

विषय : माझा धाकटा भाऊ उकंडा याच्या मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया नाकारल्याबाबत.
संदर्भ : यवतमाळच्या एका नव्या खाजगी रुग्णालयातील संगणकाचे मत.

पाटबंधारे खात्यात जन्मभर कारकुनी केली. त्यामुळे भीतीसुद्धा विषय-संदर्भाशिवाय मांडता येत नाही. बसा, सांगतो.

पांढरकवड्याहून सकाळच्या एसटीनं निघालो तेव्हा उकंडा खिडकीशी शेंगदाणे खात होता. डोकं दुखायचं, डावा हात मधेच ऐकायचा नाही. बाकी माणूस शाबूत. यवतमाळचे डॉक्टर तरुण, इस्त्री केल्यासारखे. म्हणाले, "काका, ऑपरेशनच्या आधी स्कॅन पाहून आमचा संगणक सांगतो, पेशंट किती दिवस काढेल. गाठ वाईट असेल, फायदा नसेल, तर उगाच डोकं कशाला उघडायचं?"

"त्याला हे शिकवलं कोणी?"

"जुन्या पेशंटच्या स्कॅननी. कोण किती जगलं, ते त्याला माहीत आहे."

"म्हणजे सगळे मास्तर मेलेले."

डॉक्टर हसले. आमच्या खात्यात निदान नामंजूर करायला तरी जिवंत साहेब लागायचा.

स्कॅनची खोली तळघरात. नातेवाइकाला आत बसू देतात. घड्याळ-किल्ल्या काढून ठेवून मी उकंडाच्या पायाशी बसलो. दार लागलं. वर दुपारचं ऊन, इथे हुडहुडी. यंत्राची ठकठक सुरू झाली. आधी लांब कुठे विहीर खणत असल्यासारखी, मग जवळ, मग थेट दातांत. फिनाइलच्या वासाखाली आणखी एक वास होता, बंद खोलीत पुष्कळ माणसं बसून गेल्यावर राहतो तसा. उकंडाचं पाऊल माझ्या हातात होतं. ते हळूच आक्रसलं… अंग चोरल्यासारखं.

भिंतीतल्या स्पीकरमधून तंत्रज्ञ रुपालीचा आवाज आला, "काका… पेशंटजवळ ते दुसरे कोण आहेत? त्यांना बाहेर घ्या."

यंत्राच्या नळीत एकाच माणसाची जागा होती.

बाहेर आल्यावर उकंडा म्हणाला, "आत लय गर्दी हाय, दादा. मले म्हनत होते, ये, बस. काम वाढलं, मानसं पुरून नाही राह्यले."

तिकडेही पदं रिक्त, असं मी म्हणालो. हसलो मात्र नाही.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. "आकडा उणे येतोय. म्हणजे… मुदत संपलेली आहे."

उकंडा शेजारीच चहा बशीत ओतत होता.

"मग हा कोण?" मी विचारलं.

"सिस्टीम सहसा चुकत नाही, काका."

चूक उकंडाचीच असावी, असा एकूण सूर. शस्त्रक्रिया नामंजूर. नागपूरला गेलो, तर तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी अहवाल वाचला आणि गंभीर चेहऱ्यानं त्याच संगणकाचं मत मला पुन्हा वाचून दाखवलं. एवढं शिकून माणसं पोपट होतात, याचं वाईट वाटलं.

मग मी यवतमाळच्या रुग्णालयाला अर्ज दिला : संगणक बाजूला ठेवून जिवंत माणसानं निर्णय घ्यावा. तिथल्या डॉक्टरांच्या समितीनं तो संगणकाकडेच अभिप्रायासाठी पाठवला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याचकडे अभिप्राय. ही रीत आमच्या खात्याचीच, त्यामुळे बोलायलाही तोंड नाही.

उकंडा आता घरीच असतो. परवा भर दुपारी ओसरीवर बसला होता. बोलता बोलता थांबला, समोरच्या रिकाम्या अंगणाकडे बघून म्हणाला, "पुसदची बाई हाय. पोरगी लहान हाय तिची. नाही वाचत बिचारी."

"कोणाला सांगतोस रे?"

"इचारतात ना मले, ते आतले. सांगा लागते."

मी रुपालीला फोन करून पुसदच्या बाईचं विचारलं. ती अगदी हळू म्हणाली, "त्या बाई अजून मशीनमध्येच आहेत, काका… तुम्हाला कोणी सांगितलं?"

काल तो जेवताना तसाच थांबला. घास हातात, नजर माझ्या खांद्यामागे. मग शरमल्यासारखा हसला.

"आता कोण?"

"मीच हाव, दादा. माहाच अर्ज हाय त्याइच्यापाशी, तुनं देल्ला तो."

"मग… काय सांगितलंस?"

त्यानं घास ताटात परत ठेवला आणि उठून हात धुतला.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.